विश्लेषण : दिव्याचा लाल उजेड आधी का उडतो? चित्रकार हळदणकर आणि जलरंगांतील लाल, जांभळा, निळा

परभणी, सेलू, गंगाखेड, कुठल्याही जुन्या बाजारपेठेत शिंप्याच्या किंवा किराणा दुकानाच्या भिंतीवर एक चित्र कधी ना कधी दिसलेले असते. एका हातात दिवा धरलेली, दुसऱ्या हाताच्या पंजाने ज्योतीला आडोसा करणारी साडीतली स्त्री. कॅलेंडरवरून कापून काचेत घातलेले. दुकान पूर्वाभिमुख असेल आणि सकाळचे ऊन थेट त्या भिंतीवर येत असेल, तर काही वर्षांनी चित्राचे वेगळेच काही होते. बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड नाहीसा होतो, गालावरची लाली जाते आणि सगळी आकृती निळसर पडते. लाल गेला, जांभळ्याचा निळा झाला, निळा मात्र तसाच राहिला. असे का होते, याचे उत्तर रंगद्रव्यांच्या स्वभावात आहे. ते समजून घ्यायला ज्यांनी हे चित्र जलरंगात काढले, त्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आयुष्य पाहणे सोयीचे ठरते.

चित्र नेमके कोणाचे?

आधी एक गैरसमज दूर करू. हे चित्र राजा रविवर्म्याचे नाही. रविवर्म्याचे निधन १९०६ मध्ये झाले आणि हे चित्र १९४५-४६ मधले आहे. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्याचे प्रसिद्ध नाव. ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील कलादालनात असल्याने आणि तिथेच रविवर्म्याची चित्रेही असल्याने घोटाळा वाढत गेला. दुसरे कारण असे की, इतका खोल अंधार आणि इतका उबदार उजेड तैलरंगातच शक्य आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते कागदावरचे जलरंगचित्र आहे आणि हळदणकरांची खरी करामत तिथेच आहे.

सावंतवाडी ते जे. जे. स्कूल

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावंतवाडीत झाला. हे गाव लाखेच्या रंगीत लाकडी खेळण्यांचे आणि हाताने रंगवलेल्या गंजिफांचे. रंग घोटणे, थर देणे, चकाकी आणणे हे तिथल्या चितारआळीत रोजचे काम. मुलाचा हात शाळेतच लक्षात आला आणि संस्थानाच्या मदतीने १९०३ मध्ये तो मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तेव्हा सेसिल बर्न्स प्राचार्य होते. ते स्वतः जलरंगाचे जाणकार होते आणि त्यांच्या काळात या माध्यमाला शाळेत चांगले दिवस आले. एकावर एक पातळ थर देऊन कागदाचा पांढरेपणा राखणारी इंग्रजी पद्धत मुंबईच्या विद्यार्थ्यांनी आत्मसात केली ती याच सुमारास.

शिक्षण आटोपल्यावर १९०८ मध्ये, म्हणजे पंचविशीतच, त्यांनी मुंबईत ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ ही स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ मध्ये ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन करणाऱ्यांमध्ये ते होते. पुढे तिचे अध्यक्षही झाले. तैलरंगातली व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, जलरंग असे सगळे त्यांनी हाताळले. ‘मोहमेडन पिल्ग्रिम’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पदके, प्रदर्शने, विद्यार्थी असे ते भरलेले आयुष्य होते. चिरंजीव गजानन हेही पुढे जलरंगातील निसर्गचित्रांसाठी ओळखले गेले. पण आज वडिलांचे नाव निघते ते एका दिव्यामुळे.

जलरंगात अडचण काय असते?

जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य, बाभळीच्या जातीच्या झाडांचा गोंद, ओलावा टिकवायला थोडे ग्लिसरीन आणि पाणी. तैलरंगात तेलाची जाड साय प्रत्येक कणाला गुंडाळून ठेवते. जलरंगात पाणी उडून गेले की कण कागदाच्या तंतूंवर जवळजवळ उघडे पडतात. प्रकाश या पातळ थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. म्हणूनच जलरंग आतून उजळल्यासारखे दिसतात. म्हणूनच ते लवकर उडतातही. जाड थरात वरचे कण खालच्यांना सावली देतात; पातळ वॉशमध्ये प्रत्येक कण उन्हात उभा असतो.

शिवाय यात पांढरा रंग नाही. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. एकदा गडद झाले की मागे फिरणे अवघड. ग्रेड परीक्षेला बसलेल्या कुठल्याही मुलाला हे दुःख ठाऊक असते.

लाल इतका नाजूक का?

सगळे लाल नाजूक नसतात, हे आधी सांगायला हवे. गेरू म्हणजे लोहाचा लाल. अजिंठ्याच्या भिंतींवर तो शतकानुशतके टिकला आहे. हिंगूळ पाऱ्याचा. तो झळझळीत असतो, पण काही वेळा उजेडाने काळवंडतो आणि विषारीही असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आलेला कॅडमियम रेड टिकाऊ आहे, पण अपारदर्शक. कागदाचा उजेड तो झाकून टाकतो.

चित्रकाराला गालावर, ओठांवर, सांजेच्या आभाळात हवा असतो तो गुलाबीकडे झुकणारा, काचेसारखा पारदर्शक लाल. तो दगडातून मिळत नाही, मिळायचा वनस्पतीतून किंवा किड्यातून. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून मॅडर, मेक्सिकोतील निवडुंगावरच्या कोचिनियल किड्यापासून कार्माइन. हे मुळात पाण्यात विरघळणारे रंग. त्यांना तुरटीच्या साहाय्याने पांढऱ्या भुकटीवर बसवून त्यांचे न विरघळणारे रंगद्रव्य करतात. त्याला ‘लेक’ म्हणतात. शाळेच्या पेटीतल्या ‘क्रिमसन लेक’ या नावाचा तळ्याशी काही संबंध नाही, तो या प्रक्रियेशी आहे.

परभणीकरांना याचे उदाहरण शोधायला मेक्सिकोला जायची गरज नाही. ‘परभणी कुसुम’ हा वाण देणाऱ्या इथल्या कृषी विद्यापीठामुळे करडई आपल्या ओळखीची आहे. आज आपण तिच्याकडे तेलबी म्हणून पाहतो, पण कित्येक शतके तिची किंमत पाकळ्यांत होती. पाकळ्यांतला पिवळा पाण्याने धुऊन काढायचा, मग खारवट पाण्यात लाल उतरवायचा आणि लिंबासारखे आंबट घालून तो कापडावर बसवायचा. हाच कुसुंबी रंग. दिसायला अप्रतिम, उन्हात मात्र काही दिवसांचा पाहुणा.

कारण असे. एखादी वस्तू लाल दिसते, कारण ती निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते. निळ्या प्रकाशाच्या कणात लाल प्रकाशापेक्षा जास्त ऊर्जा असते. वनस्पतिजन्य किंवा किड्यापासूनच्या रंगाचा रेणू मोठा आणि नाजूक. ही ऊर्जा, हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा एकत्र आले की त्याचे बंध तुटतात. तुटलेला रेणू प्रकाश शोषत नाही, म्हणजे रंगच उरत नाही. निळी वस्तू उलट लाल-नारिंगी प्रकाश शोषते, जो कमी उपद्रवी असतो. हा काटेकोर नियम नव्हे. नीळ निळी असूनही पातळ थरात उडते आणि गेरू लाल असूनही टिकतो. रेणूची बांधणी शेवटी निर्णायक ठरते.

या प्रश्नाचा पहिला मोठा छडा लावला गेला तो इंग्लंडमध्ये. रसेल आणि अ‍ॅबनी या दोघांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो, याचा अहवाल १८८८ मध्ये सरकारला सादर केला. त्यात कार्माइन आणि क्रिमसन लेक यांची दैना स्पष्ट दिसली. निर्वात नळीत ठेवलेले बहुतेक रंग मात्र टिकले, म्हणजे उजेडाइतकाच हवा आणि ओलाव्याचाही हात होता. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, जिच्या प्रदर्शनांत पुढे हळदणकरांची पिढी वाढली. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरने त्याच्या आदल्या वर्षी काढलेल्या शेतातल्या मुलाच्या जलरंगचित्रात मागचे आभाळ आज जवळजवळ पांढरे दिसते. मुळात तिथे तांबडे आभाळ होते.

मॅडरमधला मुख्य रंग अलिझरिन. तो जर्मन रसायनज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केला आणि त्यापासून अलिझरिन क्रिमसन आला. कार्माइनपेक्षा बरा, पण पातळ वॉशमध्ये तोही हळूहळू उडतो. खऱ्या अर्थाने टिकाऊ असा पारदर्शक गुलाबी-लाल, म्हणजे क्विनाक्रिडोन, बाजारात आला १९५८ मध्ये. हळदणकर तेव्हा पंचाहत्तरीत होते आणि दिव्याचे चित्र काढून बारा वर्षे झाली होती.

जांभळा : रंग की भागीदारी?

निसर्गात पक्के जांभळे रंगद्रव्य दुर्मीळ. त्यामुळे जांभळा पूर्वीपासून बहुतेक वेळा लाल आणि निळा मिसळूनच केला गेला. या भागीदारीत एक भागीदार आधी पळून जातो. क्रिमसन उडाला की उरतो निळा. जुन्या जलरंगचित्रांत डोंगर विचित्र निळे आणि सावल्या थंडगार राखाडी दिसतात, त्यातल्या कित्येक मुळात जांभळ्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र जांभळे आले. १८५९ च्या सुमाराचा कोबाल्ट व्हायोलेट आणि १८६८ चा मँगनीज व्हायोलेट. दोन्ही खनिज, दोन्ही उजेडाला पक्के. पण रंगाची ताकद कमी. कोबाल्ट व्हायोलेट तर महाग आणि कागदावर दाणेदार बसणारा. याउलट १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून अपघाताने मिळालेला ‘मॉव्ह’ भडक होता, पण कापड रंगवण्याचा. त्याच्यानंतर आलेल्या अशा भडक जांभळ्यांपैकी बरेच उन्हात टिकणारे नव्हते. आजही स्वस्त पेटीतला झगझगीत जांभळा याच कुळातला असू शकतो. कपड्यांना घालायची आजची द्रवरूप नीळ पाहा. तीही बहुतेकदा जांभळा विद्राव्य रंगच असते. आज चांगल्या पेट्यांत दिसणारा डायऑक्साझीन व्हायोलेट पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला आला. एक थेंब सगळा पाण्याचा डबा जांभळा करतो, कागदाला डाग धरतो आणि पुसता येत नाही.

निळे मात्र भरवशाचे?

बरेचसे. अफगाणिस्तानातल्या बदक्षानच्या लाजवर्द दगडातून येणारा अल्ट्रामरीन एके काळी सोन्याच्या भावाचा होता. फ्रान्समध्ये तो कारखान्यात करून दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले आणि १८२८ मध्ये गिमे यांनी ते जिंकले. मग हाच रंग इतका स्वस्त झाला की कपड्यांच्या निळीच्या गोळ्या त्याच्या बनू लागल्या. पांढऱ्या धोतराची आणि महागड्या जलरंगाच्या नळीतली नीळ एकच, हे चित्रकलेच्या वर्गात सांगितले की मुलांना खरे वाटत नाही. अल्ट्रामरीन उजेडाला पक्का; मात्र आम्लाला भित्रा. लिंबाचा रस पडला की फिका पडतो. कागदावर तो खळग्यांत साचतो आणि दाणेदार पोत तयार होतो, आभाळ आणि लांबचे डोंगर काढायला उत्तम.

प्रशियन ब्लूची जन्मकथा मजेशीर आहे. १७०६ च्या आसपास बर्लिनमध्ये रंगारी दिसबाख लाल लेक करायला बसला होता. वापरलेला क्षार अशुद्ध निघाला आणि लालाऐवजी गडद निळा हाती लागला. हा रंग जबरदस्त ताकदीचा, पारदर्शक आणि डाग धरणारा. त्याची एक खोड अशी की, कडक उजेडात फिका पडतो आणि अंधारात ठेवला की बऱ्याच अंशी परत येतो. कोबाल्ट ब्लू (१८०२) शांत, स्थिर आणि कागदावरून बऱ्यापैकी उचलता येणारा. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या थॅलो ब्लूने या सगळ्यांना मागे टाकले. भिंतीवरच्या त्या फिकट कॅलेंडरचे कोडे इथेच सुटते. छपाईच्या चार शाईंपैकी निळी शाई याच थॅलो कुळातली आणि काळी काजळीची. पिवळी आणि गुलाबी मात्र नाजूक. उन्हाने त्या दोघी गेल्या की उरते निळी बाई.

मग हळदणकरांनी दिवा पेटवला कसा?

चित्रासाठी त्यांची कन्या गीता मॉडेल म्हणून उभी राहिली. हळदणकर तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. चाळीस वर्षे जलरंग हाताळल्यानंतरचा हा हात आहे.

चित्रात ज्योत जवळजवळ दिसतच नाही. ती पंजाआड आहे. दिसतो तो तिचा परिणाम. बोटांच्या कडा आरपार लालसर झाल्या आहेत, जसा आपण टॉर्चवर हात ठेवल्यावर होतो. कारण साधे आहे. मांसातून आणि रक्तातून निळा-हिरवा प्रकाश शोषला जातो, लाल पार होतो. चेहऱ्यावर हा उजेड खालून येतो आणि जसजसे लांब जाल तसतसा साडीच्या जांभळट छटेत विरघळत जातो.

जलरंगात हे उलट्या क्रमाने करावे लागते. सर्वांत उजळ जागा म्हणजे हातही न लावलेला कागद. त्याभोवती पिवळा, मग नारिंगी, मग पारदर्शक लाल, प्रत्येक वॉश आधीच्यापेक्षा किंचित गडद, कुठेही कडा न राहता. लालावर निळा आला की जांभळा होतो, पण नारिंगीवर निळा आला की मळकट करडा. म्हणजे उबदार भाग कुठे संपवायचा हे आधीच ठरवावे लागते. मागचा अंधारही काळ्या रंगाने भरून चालत नाही, तो मेलेला दिसतो. लाल-निळ्याचे पारदर्शक थर साचवत साचवत तो खोल करावा लागतो. मग शेजारच्या थंड जांभळट सावलीमुळे मधला नारिंगी प्रत्यक्षात आहे त्याहून तेजस्वी भासतो. डोळ्याची ही सवय हळदणकरांनी पुरेपूर वापरली. पाहणारे चित्राच्या मागे बल्ब लावला आहे का, असे विचारतात ते त्यामुळेच.

आणि गंमत अशी की, या सगळ्या बांधणीचा भार सर्वांत नाजूक थरांवर आहे. बोटांच्या कडेचा पातळ लाल गेला, तर दिवा विझेल. साडीतला जांभळा निळा झाला, तर नारिंगीचे तेज उतरेल. हे चित्र भर उजेडात टांगण्याजोगे नाही. जगनमोहन पॅलेसमध्ये ते मंद उजेडाच्या अंधाऱ्या जागेत दाखवले जाते. लोकांना तो परिणामासाठी केलेला देखावा वाटतो, पण त्यामुळे लाल रंगाचे आयुष्यही वाढते. जगभरातली संग्रहालये जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत आणि वर्षातले बरेच महिने चित्रे पेटीत बंद ठेवतात.

परीक्षेला बसणाऱ्यांनी पेटी घेताना काय पाहावे?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांना महाग रंग लागत नाहीत. सरावाला शाळकरी पेटी पुरते. निकाल लागेपर्यंत कुठलाही लाल टिकतो. पण जे चित्र फ्रेम करून ठेवायचे किंवा विकायचे आहे, त्यासाठी नळीवरचे नाव न पाहता बारीक अक्षरातला संकेत पाहावा. लालात ‘पीआर ८३’ म्हणजे अलिझरिन क्रिमसन, तो टाळावा. त्याच छटेसाठी ‘पीव्ही १९’ म्हणजे क्विनाक्रिडोन घ्यावा. जांभळ्यात ‘पीव्ही २३’ डायऑक्साझीन, त्याचा टिकाऊपणा कंपनीगणिक कमीजास्त. ‘पीव्ही १६’ मँगनीज व्हायोलेट फिका पण पक्का. निळ्यात ‘पीबी २९’ अल्ट्रामरीन, ‘पीबी २८’ कोबाल्ट आणि ‘पीबी १५’ थॅलो हे तिन्ही निर्धास्त. नावापुढे ‘ह्यू’ लिहिले असेल तर ती नक्कल आहे, आत दुसरेच द्रव्य असते. संकेतच छापलेला नसेल, तर तो रंग सरावापुरता समजावा.

याहून स्वस्त परीक्षा घरीच होते. कागदाच्या पट्टीवर पेटीतल्या प्रत्येक रंगाचा एक पातळ आणि एक दाट पट्टा ओढायचा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकायची आणि चैत्र-वैशाखात थेट ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवायची. परभणीचे ऊन या कामाला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या दिव्याइतकेच कडक आहे. काळा कागद काढल्यावर लालाच्या पातळ पट्ट्याकडे आधी पाहा.

पुढे काय झाले?

हळदणकरांचे निधन ३० मे १९६८ रोजी झाले. चित्रासाठी दिवा धरून उभ्या राहिलेल्या गीता यांना मात्र दीर्घायुष्य लाभले. २०१८ मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या १०२ वर्षांच्या होत्या. म्हैसूरच्या त्या अंधाऱ्या जागेत त्यांच्या बोटांच्या कडा अजून लाल आहेत.